लाज बाजूला ठेवा, मलम नियमाने लावा
गुप्तांगावरील चामखीळ आणि तिचा उपचार

काही दुखणी अशी असतात की माणूस ती डॉक्टरच्या आधी मेडिकलवाल्याला सांगतो, आणि मेडिकलवाल्यालाही अर्धीच सांगतो. "खाज येते, एखादं मलम द्या," एवढेच. कुठे खाज येते, काय उगवले आहे, किती दिवसांपासून आहे, हे पोटातच राहते. दुकानदार गर्दीत असतो. तो हाताला येईल ती ट्यूब देतो. आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच, आणि पहिल्यापेक्षा जास्त.

धारणीसारख्या ठिकाणी याला अंतराचीही जोड मिळते. अमरावतीला जायचे तर हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि मधे घाट. मजुरी बुडते, भाडे लागते, आणि घरी काय सांगून निघायचे हा प्रश्न वेगळाच. म्हणून आज आम्ही या पानावर गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळींविषयी आणि त्यावर डॉक्टर जे मलम लिहून देतात त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत. घरातल्या मोठ्यांनी हे वाचावे, आणि ज्याला किंवा जिला गरज आहे त्यांच्या हाती हे पान गुपचूप जाईल असे पाहावे.

या विषयावर बोलावे का?

बोलावेच. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयी विचारलेला प्रश्न अश्लील नसतो, ही भूमिका बाबासाहेबांनी तेव्हा कोर्टात उभे राहून घेतली होती.

न बोलण्याची किंमत किती असते, हे आपल्या विदर्भातच मोजले गेले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरात फक्त ८ होत्या. दुखणे घरोघरी होते आणि तोंडावर कुणाच्याच नव्हते.

हा आजार आहे तरी काय?

ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हा कातडीत राहणारा विषाणू आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींनी हातापायांवर चामखीळ येते. गुप्तांगावरच्या दहापैकी सुमारे नऊ चामखिळी त्यातल्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात. हे दोन प्रकार कर्करोग करणारे नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग करणारे मुख्य प्रकार १६ आणि १८ हे आहेत. एचपीव्हीमुळे हा कर्करोग होतो हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चामखीळ आली म्हणजे कॅन्सर झाला असे नाही, हे आधी मनात पक्के करावे.

ती दिसते कशी? कातडीच्या रंगाचे किंवा किंचित काळपट, गुलाबी, मऊ दाणे. कधी एकटा दाणा, कधी फुलकोबीसारखा घोस. पुरुषाच्या लिंगावर, अंडकोषाच्या पिशवीवर. स्त्रीच्या योनीच्या तोंडाशी, बाहेरच्या ओठांवर. दोघांच्याही जांघेत किंवा गुदद्वाराजवळ. बहुतेक वेळा दुखत नाही, कधी खाज येते.

मात्र त्या जागेवरचा प्रत्येक दाणा चामखीळ नसतो. लिंगाच्या टोकाच्या कडेने एका रांगेत असलेले बारीक मोत्यासारखे दाणे निसर्गतः असतात, त्यांना औषध लागत नाही. मधोमध खळगी असलेला दाणा वेगळ्या विषाणूचा असू शकतो. ओलसर, चपटे चट्टे हे सिफिलिसचे लक्षण असू शकते, आणि त्यावर चामखिळीचे मलम चोळत बसलो तर खरा आजार आतल्या आत वाढतो. म्हणून आधी डॉक्टरची नजर, मग मलम.

दोष कोणाच्या माथी मारायचा?

हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधात कातडीला कातडी लागून पसरतो. एवढे वाक्य ऐकले की घरात आग लागते. नवरा बायकोकडे बोट दाखवतो, सासू सुनेला माहेरी पाठवायला निघते. पुरुषाला चामखीळ आली तरी विचारणा बाईचीच होते.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या. विषाणू शरीरात शिरल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि कधी कधी वर्षेही जातात. ज्याच्याकडून तो आला त्याच्या अंगावर एकही दाणा नसू शकतो. कोणाकडून कोणाला आणि केव्हा लागला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. एचपीव्ही इतका सर्वत्र आहे की लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो न कळत निघूनही जातो. म्हणजे आज दिसलेला दाणा हा आजच्या वागणुकीचा पुरावा नाही. तो लग्नाआधीचा असेल, दोघांपैकी कोणाचाही असेल.

आमचे म्हणणे एवढेच की चामखीळ पाहून कुणाच्या शीलाचा निवाडा करू नये. दोघांनी मिळून दवाखान्यात जावे.

आणखी एक भीती काढून टाका. ताटवाटी, नळ, विहीर, एका अंथरुणावर बसणे यांनी हा आजार पसरत नाही. आजारी माणसाला वेगळे काढण्याचे काही कारण नाही.

कुठे जायचे, काय सांगायचे?

धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी जी सेवा दिली जाते तिला 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात. तिथे समुपदेशक असतात आणि एचआयव्हीची तपासणी मोफत होते. तिथून गरज वाटली तर पुढे अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला इर्विन म्हणतो तिथे, आणि स्त्रियांना डफरीनमध्ये पाठवतात. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घरून निघण्याआधी नुसती माहिती हवी असेल तर १०९७ हा एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा मोफत फोन क्रमांक आहे.

केसपेपर काढताना खिडकीवर सगळ्यांसमोर सगळे सांगायची गरज नाही. "कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं आहे" एवढे पुरे. आत गेल्यावर मात्र काहीही लपवू नका. बाईची तपासणी होताना सोबत स्त्री कर्मचारी असावी अशी मागणी करता येते, आणि सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

डॉक्टरला या गोष्टी न विचारता सांगा: दाणे कधीपासून आहेत, आधी कोणते मलम लावले, ती ट्यूब सोबत न्या, दिवस गेलेले आहेत का किंवा जाण्याची शक्यता आहे का, मधुमेह, एचआयव्ही किंवा दुसरा कोणता आजार, चालू गोळ्या. दाण्यातून रक्त येत असेल, तो कडक किंवा काळा पडला असेल, चिघळला असेल तर तेही सांगा. अशा वेळी डॉक्टर मलम देण्याआधी तुकडा काढून तपासायला पाठवू शकतात. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करायला सांगितली तर ती टाळू नका. तो संशय नसून काळजी आहे.

मलम कसे लावायचे?

घरी लावण्यासाठी डॉक्टर बहुधा इमिक्विमोड ५ टक्के हे मलम लिहून देतात. ते चामखीळ जाळत नाही. ते त्या जागच्या कातडीतल्या रोगप्रतिकारक पेशींना जागे करते, आणि मग त्या पेशी विषाणूचा बंदोबस्त करतात. म्हणूनच याला वेळ लागतो, आणि म्हणूनच जास्त लावून ते लवकर काम करत नाही. पाहारेकरी एकदा जागा झाला की त्याला शंभर हाका मारून उपयोग नसतो.

१. आठवड्यातून तीन रात्री, मधे एक दिवस सोडून. उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शुक्रवार. शनिवार-रविवार सुट्टी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंब करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला काही सांगावे लागत नाही.

२. रात्री झोपताना हात आणि ती जागा साबण-पाण्याने धुवा. जागा पूर्ण कोरडी होऊ द्या.

३. मलमाचा पातळ थर फक्त चामखिळीवर लावा आणि तो जिरेपर्यंत हलक्या बोटाने चोळा. पांढरा लेप राहील इतके लावू नका. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागू देऊ नका.

४. लगेच हात धुवा. तो हात डोळ्याला, तोंडाला लागता कामा नये.

५. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक बांधू नका. सैल सुती चड्डी चालते.

६. सहा ते दहा तासांनी, म्हणजे सकाळी उठल्यावर, साबण-पाण्याने मलम धुऊन टाका. ज्या घरात न्हाणीला आडोसा नाही तिथे पहाटेच पाणी घेऊन हे उरकता येते. म्हणून रात्री लावण्याची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

७. पुरुषांनी लिंगाच्या टोकावरची कातडी मागे घेऊन ती जागा रोज धुवावी.

८. छोट्या पाकिटातले मलम असेल तर एक पाकीट एकाच वेळेसाठी. उरलेले फेकून द्या, दुसऱ्या रात्रीसाठी जपून ठेवू नका.

९. एखादी रात्र चुकली तर आठवेल तेव्हाच्या पुढच्या रात्री लावा आणि नेहमीचा क्रम धरा. चुकलेली भरून काढायला दुप्पट लावू नका.

योनीच्या आत, गुदद्वाराच्या आत, लघवीच्या छिद्रात हे मलम कधीही लावायचे नाही. तिथल्या चामखिळींवर डॉक्टरच उपचार करतात. जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबायचे.

मलम अंगावर असताना संबंध ठेवू नयेत. त्यातल्या स्निग्ध पदार्थामुळे कंडोमचे रबर कमकुवत होते. इतर वेळी कंडोम वापरावा. त्याने धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण तो सगळी कातडी झाकत नाही.

चामखिळी गेल्या की मलम बंद करायचे. नाही गेल्या तरी १६ आठवड्यांच्या पुढे लावायचे नाही. परत डॉक्टरकडे जायचे. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने. दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी हे डॉक्टरला आधीच सांगावे, म्हणजे औषध किती द्यायचे आणि परत कधी बोलवायचे ते ठरवता येते. आमच्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्या. टिनाच्या छपराखाली किंवा चुलीजवळ मलम ठेवू नका. घरातल्या थंड कोपऱ्यात, पोरांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

लाल झाले, आग होते. थांबावे का?

थोडी लाली, खाज, हलकी आग, कातडीचा पापुद्रा निघणे हे अपेक्षित आहे. पेशी कामाला लागल्याची ती खूण आहे. कातडी सोलून ओली झाली, सूज आली, लघवी करताना फार आग झाली तर मलम धुऊन टाका, काही दिवस थांबा आणि डॉक्टरला दाखवा. कातडी शांत झाल्यावर बहुधा पुन्हा सुरू करता येते. काहींना अंग मोडून येते, कणकण वाटते, तेही सांगावे. मलम लावलेल्या जागेचा रंग फिका किंवा गडद होऊ शकतो आणि कधी तो तसाच राहतो. हे आधी माहीत असावे, म्हणजे नंतर कोड आले म्हणून कुणी घाबरणार नाही.

पहिले काही आठवडे फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे ही सगळ्यात जास्त होणारी गोष्ट आहे. धीर धरावा.

दुसरे उपाय

पोडोफायलोटॉक्सिन नावाचे दुसरे औषध आहे. त्याचा नियम वेगळा: दिवसातून दोनदा असे तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी, आणि असे जास्तीत जास्त चार फेरे. दोन्ही औषधांचे नियम एकमेकांत मिसळू नका. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून तर नकोच.

मलम सगळ्या सरकारी दवाखान्यांत मिळेलच असे नाही. बाहेरून आणायला सांगितले तर पूर्ण कोर्सला किती खर्च येईल हे आधीच विचारा. परवडणारे नसेल तर लाजू नका, तसे स्पष्ट सांगा. दवाखान्यात डॉक्टरच्या हाताने होणारे उपचारही तितकेच योग्य आहेत: ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल लावणे, अतिथंड वायूने गोठवणे, विजेच्या सुईने जाळणे, कापून काढणे. अर्धा कोर्स करून पैसे संपण्यापेक्षा हे बरे.

कोणत्याही उपचाराने चामखीळ गेली तरी विषाणू कातडीत काही काळ राहू शकतो. काहींना ती पुन्हा येते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. तो औषधाचा किंवा तुमचा पराभव नाही. पुन्हा दाखवा, पुन्हा उपचार होतो.

हे मात्र करू नका

बिब्बा, चुना, बॅटरीचे पाणी लावणे, घोड्याचा केस बांधणे, तापलेल्या सळईने चटका देणे. यांनी नाजूक जागी खोल जखम होते, ती पिकते आणि व्रण कायमचा राहतो.

हातापायाच्या भोवरीचे औषध तिथे लावू नका.

खाजेसाठी मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. इमिक्विमोड कातडीच्या पाहारेकऱ्याला जागे करते, स्टेरॉइड त्याला झोपवते. खाज थांबते, पण चामखीळ मोकळी वाढते आणि कातडी पातळ होते.

चामखिळी असेपर्यंत तिथले केस ब्लेडने काढू नका, विषाणू पसरतो.

दिवस गेलेल्या बायांसाठी आणि पोरांसाठी

गरोदरपणात चामखिळी भराभर वाढू शकतात. घाबरू नका. पोडोफायलोटॉक्सिन गरोदर स्त्रीने लावायचेच नसते, आणि इमिक्विमोडही सहसा देत नाहीत. दवाखान्यात आम्ल लावून किंवा गोठवून उपचार करता येतात. केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन लागतेच असे नाही. बाळाला यामुळे त्रास होणे फार क्वचित घडते. आशाताईला विश्वासात घेऊन बाळंतपण दवाखान्यातच करा.

लहान मुलाच्या त्या जागी चामखीळ दिसली तर मलम न लावता डॉक्टरकडे न्या. हातावरच्या चामखिळीचा विषाणूही तिथे जाऊ शकतो, त्यामुळे लगेच कुणावर आरोप नको. पण मुलावर अत्याचार झाला असण्याची शक्यता डोळ्यांआड करू नका. मुलाला दटावू नका, त्याचे ऐका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

चामखिळीच्या निमित्ताने आणखी एक काम

६ आणि ११ हे प्रकार कर्करोग करत नसले, तरी ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने १६ आणि १८ ही येऊ शकतात. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने, चामखीळ असो वा नसो, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. सौम्य आम्लाचा बोळा लावून दोन-चार मिनिटांत ती होते.

ही तपासणी जीव वाचवते याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी अशी आम्लाची तपासणी केली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या बायका आपल्यासारख्याच वस्तीतल्या होत्या, आणि तपासणाऱ्याही मोठ्या डॉक्टर नव्हत्या.

पुढच्या पिढीसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्वाव्हॅक' ही लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते, म्हणजे कर्करोग आणि चामखीळ दोन्हींपासून. ती ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर तीन. झालेली चामखीळ मात्र लसीने जात नाही, म्हणून ती आधी घ्यायची असते. सरकारी लसीकरणात ती कुणाला आणि केव्हा मिळते, हे आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय एकदा घ्यावा, आणि तरुण पोरांच्या बैठकीतही घ्यावा, कारण दवाखान्यात न जाणाऱ्यांत पुरुषच पुढे असतात. कुणाचे नाव घेण्याची गरज नाही. कोणते मलम, किती रात्री, कधी धुवायचे, कुठे जायचे, एवढे जरी चार जणांना नीट कळले, तरी वस्तीतल्या एखाद्या घरातले भांडण टळेल आणि एखादी बाई वेळेवर दवाखान्यात पोचेल.